चढ्या सुराचा बँड

वाद्याची किंमत कशी ठरते हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. आणि नगरमध्ये कापडबाजारामागच्या बोळात, जुन्या वाद्यांच्या आमच्या दुकानात बसून पस्तीस वर्षं मी दुसरं काहीच केलं नाही. येईल त्याच्या वाद्याची किंमत ठरवली. धंद्यातलं काहीतरी दिवाळी अंकाला लिहा म्हणून ओळखीच्या एका बाईंनी पिच्छा पुरवला, तेव्हा त्यांना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग हेच लिहा. म्हणून लिहितेय. वाचून कुणाला उलगडा झालाच तर मलाही सांगा.

दुकान सासऱ्यांचं. त्यांना मी मामंजी म्हणत असे. पेट्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, पण पन्नाशी गाठायच्या आत डोळे अधू झाले. आमचे हे एस.टी.त कंडक्टर. त्यांना वाद्य म्हणजे कंडक्टरची शिट्टी. मग दुकानात बसणार कोण? सून. लग्न होऊन आले तेव्हा मला भजनातल्या टाळापलीकडे काही वाजवता येत नव्हतं आणि आजही येत नाही. कान मामंजींचे आणि हात माझे, असं आमचं चालायचं. गिऱ्हाइकानं वाजवायचं, मामंजींनी ऐकायचं, आणि कुठं दुखतंय ते त्यांनी सांगितलं की मी स्क्रू खोलायचे. नवखा माणूस आत डोकावून विचारायचा, "मालक कुठं गेले?" मी म्हणायचे, "समोर बसलेत. बोला."

बाहेरच्या माणसाला वाटतं, जुन्या वाद्याचा धंदा म्हणजे जुन्या सायकलींसारखा. वापरलं की भाव उतरला. तसं अजिबात नाही. डग्ग्याला तांब्याचा भाव येतो, पण ज्या कातड्यावर माणसानं दहा वर्षं बोटं झिजवली त्याला शून्य. पेटीचं लाकूड वाळवीनं पोखरलेलं असलं तरी चालतं, आतले सूर जर्मन असले की झालं. सूर म्हणजे पेटीच्या पोटातल्या पितळेच्या बारीक पट्ट्या, हवा लागली की बोलणाऱ्या. पितळी वाद्याला पोचे पडले की ते तराजूत जातं. आणि सतार नगरात कुणी हुंगत नाही. एका डॉक्टरांची उत्तम सतार आमच्याकडे नऊ वर्षं खुंटीला होती. शेवटी एका फोटो स्टुडिओवाल्यानं नेली, लग्न ठरायच्या मुलींच्या मांडीवर ठेवून फोटो काढायला. त्या एका सतारीनं किती लग्नं जमवली देव जाणे.

वाजवणारा येतो तो आकडा मनात घेऊनच येतो. त्या आकड्यात वाद्य थोडं, आणि बापानं ते कुठून कसं आणलं याची गोष्ट फार. मी गोष्ट ऐकायचे, चहा पाजायचे आणि आकडा निम्मा करायचे. तो उठून जायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा. हे ज्याला जमत नाही त्यानं दुकान काढू नये.

पण मामंजींचा एक नियम होता आणि तो मोडायची माझी प्राज्ञा नव्हती. पोटासाठी वाजवणाऱ्याकडून घेतलेलं वाद्य पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत विकायचं नाही. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होते, वाजवणाऱ्याच्या हातात सुपारीचे पैसे येतात. तोवर तो आला तर घेतल्या भावात, वर राखणीचे दहा रुपये ठेवून, वाद्य परत द्यायचं. हौशी माणसाला ही सवलत नाही. हौशी माणसाचं पोट भरलेलं असतं, असं मामंजी म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात या नियमानं आमचं दुकान माळ्यापर्यंत भरलं. जिथं प्यायला पाणी टँकरनं, तिथं लग्नात बँड कोण लावतो? हार घालून, गूळ वाटून लग्नं उरकत होती. लोक म्हणतात कलावंत सगळं विकतो आणि वाद्य शेवटी. मी तर उलटंच पाहिलं. घरातला हंडा पाणी धरतो, शेळी दूध देते. लग्नं नसताना ढोल काय देतो? पहिला तोच बाहेर निघायचा. कर्जतचे आले, जामखेडचे आले. मला झोपायला जागा उरली नाही, तरी मामंजी म्हणायचे, "ठेव, सूनबाई. त्यांची लग्नं येतील."

त्या उन्हाळ्यात श्रीगोंद्याकडच्या एका गावातून हुसेन मास्तर आले. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. सात जणांचा बँड होता त्यांचा. मास्तर स्वतः क्लॅरोनेटवर. पाच जण पितळी वाद्यांवर, म्हणजे तीन कॉर्नेट आणि दोन मोठे भोंगे. आणि सातवा दगडू, पोटावर मोठा ढोल, ढोलाच्या डोक्यावर झांज. मास्तरांचे वडील कॅम्पातल्या साहेबाच्या बँडमध्ये झाडलोट करायचे. तिथं जुनी वाद्यं लिलावात निघाली तेव्हा त्यांनी बायकोचे दागिने मोडून सगळा ढीग उचलला आणि गावात बँड काढला.

मास्तरांनी गोधडीच्या तुकड्यातून क्लॅरोनेट काढलं. काळंभोर लाकूड, वर विलायती नाव. वाजवून दाखवलं नाही. म्हणाले, "व्हट फुटल्यात, वहिनी. खडी फोडाय जातो आमी समदी."

"मग हे विकून काय करणार?"

"मान्सं जायला निगाल्यात. एक ममईला जातो म्हनतोय, एक साकर कारखान्यावर. एकदा गेली की बँड परत जमत न्हाई. घराघरात पोतं पोतं ज्वारी टाकली तर थांबतील पावसापतूर."

"सगळ्यात महागाचं तुमचंच विकताय."

"त्येंच्यात इकन्यासारखं हाय काय? पोचं पडल्यात समद्यांस्नी. आन ती त्येंचीच हाईत."

ही त्यांच्या बँडची रीत होती. वडिलांनी वाद्यं ज्याची त्याला देऊन टाकली होती. सुपारीतून माणसाचा एक वाटा आणि वाद्याचा अर्धा वाटा. वाद्याचा वाटा काही वर्षं मास्तरांच्या घरात जायचा, मग वाद्य वाजवणाऱ्याचं. मास्तरांचं स्वतःचं असं ते क्लॅरोनेट तेवढं. मी एकशे वीस रुपये दिले. घासाघीस केली नाही. त्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं, माझंच.

पुढच्याच महिन्यात पुण्याचा एक ऑर्केस्ट्रावाला आला. त्याला दाखवायला म्हणून ते काढलं. नियम विकण्याबद्दल होता, दाखवण्याबद्दल नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली. विलायती नाव बघून त्याचे डोळे चमकले. त्यानं आमच्या पेटीबरोबर चार सूर वाजवले, थांबला, पुन्हा वाजवले आणि क्लॅरोनेट माझ्यापुढं ठेवून दिलं.

"बाई, हे जुनं लष्करी, हाय पिचचं. चढा सूर. पूर्वी पलटणीचे बँड असा चढा सूर ठेवायचे, पुढं जगानं तो खाली आणला. हे आता कशाशीच जुळणार नाही. फुकट दिलंत तरी नको."

तो गेला. मामंजींनी मला फुंकायला लावलं. मला फक्त एक भोकाड येत असे, तेवढं काढलं. मामंजींनी पेटीच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. "पांढरी एकच्या वर आणि काळी एकच्या खाली. मधेच कुठंतरी लोंबकळतंय, सूनबाई. कुणाबरोबर वाजवायचे हे मास्तर?"

तो प्रश्न मामंजींनी विचारला आणि आम्हा दोघांपैकी कुणीही त्याचं उत्तर शोधलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. बाईमाणूस बघून गळ्यात मारलं, ज्वारीच्या गोष्टी सांगून मारलं, एवढंच डोक्यात. तुळशीच्या लग्नाला येणारच नाही हा माणूस, आणि ही धोंड माझ्या गळ्यात राहणार.

मग मी कामाला लागले. क्लॅरोनेटच्या तोंडाखाली एक आखूड लाकडी तुकडा असतो. तो लांब केला की सगळा सूर उतरतो. लाकूड कातणाऱ्या काताऱ्याकडून शिसवीचा नवा लांब तुकडा काढून आणला. पण एवढ्यानं सगळे सूर सारखे उतरत नाहीत, काही मागं राहतात. म्हणून लाख तापवून सुईच्या टोकानं एकेका भोकाच्या वरच्या कडेला लावायची. गल्लीतला एक सनईवाला फुंकायला बोलावला. मामंजी पेटीची पट्टी दाबून बसायचे. "अजून. अजून थोडं. बास, आता हात लावू नको." आठ दिवस लागले. पेटी आणि क्लॅरोनेट एका सुरात बोलायला लागले तेव्हा मामंजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी कधी झालं नव्हतं आणि पुढंही फारसं झालं नाही. कुणाही ऑर्केस्ट्रावाल्यानं आता डोळे मिटून तीनशे दिले असते.

आणि तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हुसेन मास्तर हजर. पाऊस बरा झाला होता. हातात मोजून एकशे तीस रुपये. तीनशेचं वाद्य एकशे तीसला देताना जिवावर आलं, पण नियम म्हणजे नियम. मनात म्हटलं, बघ, मला फसवलंस तरी मी तुला सुधारून देतेय. तोंडानं एवढंच बोलले, "चांगली दुरुस्ती केलीय. निराळे पैसे नकोत."

मास्तरांनी तिथंच वाजवून बघितलं. वाजवता वाजवता थांबले. "हाताला जरा निराळं लागतंय, वहिनी."

"सहा महिने खडी फोडली तुम्ही, हात आखडलेत. दोन दिवस वाजवा, येईल."

नाचता येईना अंगण वाकडं, असंही मनात म्हटलं. देवा, जीभ झडली असती तर बरं.

चौथ्या दिवशी दुपारी सातच्या सात माणसं माळीवाडा स्टँडवर उतरून वाद्यांसकट आमच्या बोळात शिरली. मास्तरांचा चेहरा उतरलेला. पहिल्याच लग्नात फजिती झाली होती. बँड सुरू झाला आणि वरातीतल्या बायकांनी कानावर पदर घेतले. नवरदेवाच्या मामानं येऊन सांगितलं, बाकीचं बंद करा, नुसता ढोल बडवा. सगळी वरात दगडूनं एकट्यानं ओढली होती.

"वाजवा," मामंजी म्हणाले.

वाजवलं. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं. मी काही कानाची नव्हे, पण माझेसुद्धा दात आंबले. मामंजींनी हात वर केला. "मास्तर, तुम्ही थांबा. बाकीच्यांनी वाजवा."

आणि पाच पितळी वाद्यं अशी एकजीव वाजली की शिंपी दारात येऊन उभा राहिला. मामंजी आत वळले, चाचपडत पेटीपाशी गेले, पट्टी दाबली, मग तिच्या शेजारची दाबली. मला म्हणाले, "सूनबाई, ह्या सगळ्यांचा सूर तिथंच लोंबकळतोय. पांढरीच्या वर, काळीच्या खाली. एकाच ढिगातली ना ही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मास्तरांनी कुणालाही फसवलं नव्हतं. सात जण मिळून एका सुरात होते, तो सूर जगाचा नव्हता एवढंच. मी त्यांच्यातल्या एकाला उचलून जगाच्या सुरात बसवलं आणि त्याच्याच माणसांतून उठवलं. ज्या वाद्याचे सोबती कधी बघितले नाहीत, त्याचा आजार मी सांगितला होता. असली चूक आमच्याच धंद्यात होते. वैद्याला निदान रोग्याचं घर तरी दिसतं.

"परत होतं तसं करून देते," मी म्हटलं. "जुना तुकडा जपून ठेवलाय. लाख निघते. दोन दिवस द्या."

इथंच हा विषय मिटायला हवा होता. पण माझ्या आतली दुकानदारीण गप्प बसेना. मी म्हटलं, "नाहीतर दुसरंही करता येईल. ह्या पाचांना खाली आणू. पितळेचं सोपं असतं. नळीत तुकडा वाढवला की झालं. पोचेही काढून देते. खर्च माझा, चूक माझी होती."

"त्यानं काय व्हतंय?" मास्तरांनी विचारलं.

"आज ह्या कॉर्नेटला बाजारात पितळेचा भाव आहे. कुणाच्याच कामाचं नाही, तुम्हा सातांशिवाय. सूर उतरवला की ह्याचे दीडशे मी उभ्या उभ्या देईन. भोंग्याचे अडीचशे. उद्या पुन्हा दुष्काळ पडला तर एकट्या तुमचं क्लॅरोनेट विकायची पाळी येणार नाही. प्रत्येकाच्या घरात काहीतरी असेल."

पाचही जण आपापल्या वाद्याकडे बघायला लागले. एक कॉर्नेटवाला, त्याला सगळे रामा म्हणत, त्यानं मला हळूच विचारलं, "दीडशे, वहिनी? ह्या डबड्याचं?" मास्तर त्या पाचांच्या तोंडांकडे बघत होते. त्यांनी दुष्काळ पाहिला होता, आणि मी म्हणत होते ते हिशेबानं बरोबरच होतं. शेवटी म्हणाले, "करा. मान्सांचं भलं व्हतंय तर करा."

तांबटाला बसवून मी ते काम करून घेतलं. लहानांना दोन बोटं नळी वाढवली, मोठ्यांना चार. पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा बोळात उभे राहिले आणि पेटीच्या सुरात वाजले. शिंप्यानं पेढे आणले. मला तर माझाच अभिमान वाटत होता. पाच डबडी घेतली आणि पाच वाद्यं परत दिली, अशी बाई नगर जिल्ह्यात दुसरी नाही, असं यांना घरी दोनदा ऐकवलं. ते म्हणाले, भाजीत मीठ नाही.

त्या सराईत मास्तरांचा बँड जोरात चालला असं कानावर यायचं. उन्हाळा संपता संपता मास्तर क्लॅरोनेटच्या गाद्या बदलायला आले. गाद्या म्हणजे चाव्यांखालचे कातड्याचे गोल तुकडे. सहज विचारलं, "मंडळी बरी आहेत ना?"

"एक जन गेला. नगरात मोठा बँड हाय, त्येंच्याकडं. सोताचं कॉर्नेट असलेला मानूस हवा हुता त्यास्नी. रोजावर घेतला."

पुढच्या खेपेला कळलं, दोन्ही भोंगे पुण्याला गेले. मग एक कॉर्नेट. आणि रामा तर माझ्याकडंच आला. कॉर्नेट ठेवलं आणि म्हणाला, "तुमी दीडशे म्हनला हुता." दिले. मला आनंदच झाला, कारण शब्द पाळला गेला. त्यानं त्या पैशात भर घालून म्हैस घेतली. दिवाळीला मला खरवस आणून दिला. मीही तो चाटूनपुसून खाल्ला, आणि खाताना काही डोक्यात आलं नाही.

नंतर डोक्यात आलं. चढा सूर असताना त्या पाच जणांना कुणीच विचारत नव्हतं. दुसऱ्या बँडला असं वाद्य चालत नव्हतं आणि विकून चार पैसेही येत नव्हते. म्हणून ते एकत्र होते. मी एकेकाला भाव आणून दिला आणि मोकळं केलं. पाच वाद्यांची किंमत वाढली, आणि तो बँड, जो राखायला मास्तरांनी आपलं क्लॅरोनेट विकलं होतं, तो गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मामंजींना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "पोटाला मिळालं ना त्यांच्या? मग रडतेस कशाला?" तेही खरंच होतं. रामाच्या पोरांना दूध मिळत होतं. मग चुकलं काय आणि कुणाचं? मी रात्रंदिवस या गोष्टीभोवती फिरले, कुठं दार सापडेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात मास्तर आले ते दगडूला घेऊन. सातातले दोघंच उरले होते. दगडू ढोल दाराशी टेकवून पायरीवर बसला. मास्तरांनी त्याला समोरच्या हॉटेलातून चहा सांगून यायला पाठवलं, आणि तो गेल्याची खात्री करून क्लॅरोनेट माझ्यापुढं ठेवलं.

"वहिनी, हे पयल्यावानी करून द्या. चढं."

"आता? मास्तर, आता तर जगात कुणाशीच जुळणार नाही. होते ते जोडीदारही गेले."

"म्हाईत हाय."

"आज ह्याचे सव्वातीनशे येतील. चढं केलं की तीसही नाहीत."

"तेच पायजे." मास्तर खाली बघत बोलत होते. "पुन्याचा बँडवाला दोन बार घरी येऊन गेला. क्लॅरोनेट घेऊन या म्हनतो, रोज बारा रुपये देतो. घरची मानसं रोज तेच लावून धरत्यात. माझं बी मन थाऱ्यावर न्हाई वहिनी, खोटं कशाला बोलू. एक दिस मी बी जाईन. मग दगडूनं काय करायचं? निस्त्या ढोलवाल्याला कोन बोलवतंय? ह्येचा भाव गेला की माझा जीव निवांत. तुमी ह्ये बिगडवून टाका."

पस्तीस वर्षांत वाद्य बिघडवून द्या म्हणणारं हे एकच गिऱ्हाईक. मी सुधरवायची मजुरी घेत असे. बिघडवायची किती घ्यायची? खणातून जुना आखूड तुकडा काढला, शेगडीवर सुई तापत ठेवली आणि एकेका भोकातली माझीच लाख काढायला लागले. मला त्यांना थांबवायचं होतं आणि थांबवायचं नव्हतं.

दगडू चहा घेऊन आला. मी काय करतेय ते त्यानं वाकून बघितलं. मास्तर म्हणाले, "सूर परत चढवायलोय, दगडू."

"चढवा की," दगडू म्हणाला. "ढोलाला काय, कोनचा बी सूर चालतो."

मास्तर चहा पिऊन मामंजींशी बोलायला आत गेले. दगडू तिथंच उकिडवा बसून माझं काम बघत राहिला. मला राहवेना. मी विचारलं, "दगडू, तुझ्या ढोलाला तर चढा-उतरा सूर कधीच नव्हता. तू कुठल्याही बँडात कधीही जाऊ शकला असतास. का नाही गेलास?"

त्यानं आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बोलावनं आल्तं की. दोनदा. नगरचंच. रोज आठ रुपये आन कपडा."

"मग?"

"मास्तरांचा ताल सुटतो वो, वहिनी. क्लॅरोनेटात घुसलं की त्यास्नी भानच ऱ्हात न्हाई. माझा ढोल हाय म्हनून निभतंय. मी गेलो तर चार दिसात बसत्याल घरी. तवा मीच न्हाई म्हनून सांगितलं. त्यास्नी सांगू नका, लई लागंल मनाला."

सुई माझ्या हातात निवून गेली. एकीकडे मास्तर, दगडूचं काय होईल म्हणून बारा रुपयांवर पाणी सोडणारे. दुसरीकडे दगडू, मास्तरांचं काय होईल म्हणून आठ रुपये नाकारणारा. दोघांना बोलावणी होती. दोघं निघून गेले असते तर दोन्ही घरांची चूल नीट पेटली असती. एका वाक्यात मी ते करू शकत होते. आत हाक मारायची, "मास्तर, बाहेर या, दगडू काय म्हणतोय ऐका." बस. क्लॅरोनेटमधली निम्मी लाख अजून तशीच होती.

मी हाक मारली नाही. का, ते आजही सांगता येत नाही. दगडूला शब्द दिला होता म्हणावं, तर तसा काही दिला नव्हता. एकदा सात माणसांचं भलं करायला गेले होते, त्याची धास्ती असेल. किंवा ते दोघे असेच राहावेत असं मला स्वतःलाच वाटत होतं, आणि त्याची किंमत त्यांच्या पोराबाळांनी द्यायची होती. सुई परत तापवली आणि उरलेली लाख काढली. संध्याकाळी मास्तरांनी दारात उभं राहून फुंकलं, दगडूनं ढोल धरला. पेटीशी काही जुळणारं नव्हतं ते. शिंपी ऐकत उभा राहिला.

पुढं अकरा वर्षं ते दोघे वाड्यावस्त्यांवरची, ज्यांना मोठा बँड परवडत नाही अशांची लग्नं वाजवत राहिले. गाद्या बदलायला आले की मास्तर दगडूबद्दल सांगायचे, "ह्येला माझ्याबिगर कोन हाय?" आणि मास्तर आत गेले की दगडू तेच मास्तरांबद्दल सांगायचा. मी दोघांचं ऐकून घ्यायचे, चहा मागवायचे आणि गप्प बसायचे. मास्तरांच्या मुलीची शाळा सातवीत सुटली तेव्हाही गप्प बसले. दगडूची बायको दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जायची, तेही कानावर आलं होतं. आधी मास्तर गेले. त्यानंतर वर्षाच्या आत दगडू. आता ऐकून दुखावेल असं दोघांपैकी कुणी राहिलं नाही, म्हणून लिहिलं.